ठोकून ऐकणारे तायडे सर

तायडे सरांनी निवडलेलं टरबूज कधी लाल निघालं नाही. ते टरबूज उचलत, कानाशी नेत, मधल्या बोटाच्या पेरानं ठोकत, डोळे मिटत आणि ‘हे घ्या’ म्हणून निकाल देत. घरी आणून कापावं तर आत पांढरंफटक. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवत आणि मी रसायन. पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या शब्दाखातर टरबुजं घेतली. दुसऱ्या उन्हाळ्यापासून ते बाजारात दिसले की मी भाजीच्या बाजूला वळायची.

पण ठोकायचं काही त्यांनी सोडलं नाही. टेबल, भिंत, कपाट, नवी बांधलेली पायरी, दिसेल ते ठोकून पाहायचं. स्टाफरूममध्ये नवा फळा आला तर त्यावर कोणी काही लिहायच्या आत सरांनी तो वाजवला. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले तर मांडवाचा खांब वाजवला. एकदा वर्गात एक मुलगा सारखा खोकत होता. सरांनी त्याची पाठ ठोकून ‘काई नाइ तुले, बस’ असं सांगितलं. सुदैवानं त्याला खरंच काही नव्हतं. सरांच्या कानावर आमचा काडीचा विश्वास नव्हता, माणसावर मात्र पुरेपूर होता.

उंच, सावळा माणूस. पांढरा पायजमा, वर बाराही महिने कोट, कोटाच्या एका खिशात भिंग आणि दुसऱ्यात भुईमुगाच्या शेंगा. वर्गात इंग्रजीत शिकवत आणि इंग्रजीत अडलं की वऱ्हाडीत सोडवून देत. पुण्याकडून आलेले आमचे एक सहकारी बरेच दिवस त्यांना बिचकून असत. ‘काहून उभे हा? बसा न’ हा सरांचा आग्रह होता, दटावणी नव्हती, हे त्यांच्या लक्षात यायला अर्धं वर्ष गेलं. मी अकोल्याच्या जठारपेठेत वाढलेली, त्यामुळे मला सरांच्या बोलण्यात घरचंच वाटे.

सर माझ्या प्रयोगशाळेत यायचे ते बाटल्या घेऊन. दर्यापूर तालुक्यातलं टाकळी हे त्यांचं गाव. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा खारपाण पट्टा. वर काळीभोर कसदार माती आणि खाली विहिरीत खारं पाणी. सुटीत गावी गेले की सर येताना विहिरीविहिरीचं पाणी भरून आणत. मी नळीत थोडं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायची. पाणी खारं असलं की नळीत दही विरजल्यासारखं पांढरं जमे. सर ते पाहून मान हलवत, शेंगा फोडत, आणि म्हणत, “माही माय हेच पिऊन राहिली बाई.”

ही ठोकायची सवय कुठून लागली ते मला त्या बाटल्यांच्या ओघातच कळलं.

सरांची आई गयामाय. टाकळीत कुंभार आपल्या ओट्यावर मडकी मांडून बसे. सरांची वस्ती त्या काळी अस्पृश्य मानलेली, तिथल्या बायांनी मडक्याला हात लावायचा नाही. बाकीच्या बाया मडकं उचलून, वाजवून, निरखून घेत. गयामाय लांब बाभळीखाली उभी राही. कुंभार कंटाळत एकेक मडकं उचलून ठोके, आणि ती तिथूनच ‘ते नाइ’, ‘तेही नाइ’, ‘हे दे’ म्हणून सांगे. तडा गेलेलं मडकं तिच्या गळ्यात मारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, पण तिच्या कानापुढं कोणाचं चाललं नाही. तिच्या उतरंडीत गळकं मडकं नव्हतं.

“मी तिच्यापाशी उभा राहून कान देऊन आयको,” सर मला म्हणाले. “मले सारे सारखेच वाजत. माय मने, आइकू येत नाइ का रे श्रावन? मले खरंच येत नोहतं बाई.”

सांगताना ते हसत होते, पण ती गोष्ट त्यांना लागून राहिली होती हे कोणालाही कळलं असतं. आईचा कान आपल्यात उतरला नाही याचं त्यांना खरोखरीचं वाईट वाटायचं.

छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पहिल्या बाजारात गयामाय बाभळीखाली थांबली नाही. सरळ ओट्यापाशी गेली, मडकं उचललं आणि वाजवलं. कुंभार नुसता बघत राहिला. चार बाया बघत राहिल्या. पण गयामायचा हात इतका कापत होता की मडकं वाजलं कसं ते तिला ऐकूच आलं नाही. तसंच ते घेऊन ती घरी आली. पाणी भरलं तर मडकं गळकं. तिनं ते फेकलं नाही, दाराशी ठेवून त्यात मिरचीचं रोप लावलं. पुढं मी टाकळीला गेले तेव्हा त्या मिरच्यांचा ठेचा मी खाल्ला आहे, आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

आता सरांच्या डोक्यातल्या उकळत्या पाण्याबद्दल.

परतवाड्याहून सातपुड्याच्या पायथ्यानं गेलं की सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत. दर हिवाळ्यात सर मुलांना तिथं नेत. एकदा मीही पाणी तपासायच्या निमित्तानं गेले. सरांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, झऱ्यात पाय सोडून बसले आणि तिथूनच व्याख्यान सुरू केलं. पुण्याचे सहकारी म्हणाले की असं व्याख्यान त्यांनी कुठल्याच विद्यापीठात ऐकलं नव्हतं. ते कौतुक की कुचेष्टा, हे सरांनी विचारलं नाही.

सरांचं म्हणणं असं, की फार फार पूर्वी, माणसाचा पत्ता नव्हता तेव्हा, पूर्णेचं खोरं आजच्यासारखं भरलेलं नव्हतं. तळाशी उघडा काळा खडक होता आणि त्याच्या भेगांतून सालबर्डीसारखे झरे जागोजागी उकळत होते. गरम पाण्यानं येताना खालून विरघळलेली गार, म्हणजे गारगोटीचा पांढरा दगड, वर आणली, तोंडाशी तिचे थर चढले, त्यांचे उंचवटे झाले. मग झरे थंडावले. नदीनं हजारो वर्षं गाळ आणून ओतला आणि ती सगळी तोंडं गाळाखाली गाडली गेली. सालबर्डीचा झरा म्हणजे त्या गोतावळ्यातला एकटा जिवंत उरलेला. पातूरकडच्या एका विहिरीच्या खोदकामात खडकाच्या पोकळीतून निघालेला पांढऱ्या स्फटिकांचा गुच्छ सरांच्या टेबलावर असे. ‘ही गरम पान्याची सही हाय,’ असं ते येईल त्याला सांगत. आणि मग फळ्यावर खडूनं चित्र काढत: वर सपाट रेघ, तिच्याखाली पालथ्या मडक्यासारखा फुगवटा, आणि फुगवट्याच्या खाली पाणी वर चढलेली तुटक वाट.

विभागप्रमुखांना हे मान्य नव्हतं. पूर्णेखाली असं काही आहे हे कोणी पाहिलं, असं ते विचारत. सर म्हणत, कोणीच नाही. ‘मग बोलाचीच कढी, बोलाचाच भात,’ असं म्हणून प्रमुख चहा मागवत. टरबुजांची आठवण त्या वेळी कोणीतरी हमखास काढे. सर हसत, शेंगा पुढं करत. पण त्या दिवशी पुढचा तास ते फार हळू आवाजात घेत.

साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात सरकारी सर्वेक्षणाची एक तुकडी पूर्णाकाठी आली. गाळ किती खोल आहे ते मोजायचं काम होतं. प्रमुख होते सेन साहेब, बंगाली, तरुण, पान खाणारे. जमिनीत छोटे सुरुंग उडवायचे आणि त्याचा धक्का खालच्या थरांवर आपटून परत येतो तो टिपायचा, अशी रीत. टिपायला जिओफोन. मुठीत मावेल एवढं यंत्र, खाली खिळा. तो जमिनीत रोवायचा, तारेनं गाडीतल्या मोठ्या यंत्राला जोडायचा. खालून कंप आला की कागदावर रेघ हलते. स्थानिक माणूस म्हणून तायडे सरांना तुकडीबरोबर जायची परवानगी मिळाली तेव्हा ते बाटल्यांशिवायच प्रयोगशाळेत आले. मग म्हणाले, “बाई, मले कान भेटले.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, आता टरबूजही साधेल. ते म्हणाले की टरबुजासाठी कोणी सुरुंग देणार नाही.

पहिल्या दिवसाची फजिती मला सरांनीच सांगितली. टाकळीच्या शिवारात संध्याकाळी जिओफोन रांगेनं रोवून, तारा जोडून ठेवले होते. ‘हे कान आहेत, यांना धक्का लावू नका,’ असं सरांनी गावाला बजावलं होतं. सकाळी सेन साहेबांनी सुरुंग उडवला तर कागदावर सरळ रेघ. दुसरा उडवला, पुन्हा सरळ रेघ. सेन साहेब यंत्र खोलून बसले. सर रांगेच्या कडेनं चालत निघाले आणि पहिल्याच कानापाशी मटकन खाली बसले. प्रत्येक जिओफोन अलगद उपटून गोधडीच्या घडीवर ठेवलेला होता. वर चिंधीची टोपरी. थंडीचे दिवस, दंव पडत होतं. कान उघड्यावर गारठतील म्हणून वस्तीतल्या बायांनी पहाटेच घराघरातून गोधड्या आणून प्रत्येकाची नीट सोय केली होती. पुढारीण अर्थातच गयामाय. पाहुण्याला कोणी भुईवर बसवतं का, असं तिचं म्हणणं.

सेन साहेब चिडले. मग त्यांनी टोपरी पाहिली आणि त्यांना हसू आवरेना. बायांना समजावून सांगितल्यावर त्या भलत्याच ओशाळल्या. नांगरलेल्या काळ्या मातीत खिळा असाही सैल राहत होता, तर त्यांनी आपणहून शेणमाती कालवून प्रत्येक कानाभोवती घट्ट लिंपून दिली. त्यानंतर कागदावर आलेल्या रेघांसारख्या स्वच्छ रेघा आपण कुठं पाहिल्या नव्हत्या, असं सेन साहेब हिंदीत पुन्हा पुन्हा सांगायचे.

एक दिवस मीही ते काम पाहायला गेले. सुरुंगाच्या वेळी बारीकसा कंपही चालत नसे, म्हणून शिट्टी वाजली की गावानं थांबायचं ठरलं होतं. शिट्टी वाजली. जातं थांबलं, मुसळ थांबलं, वाटेतल्या बैलगाड्या थांबल्या. पाटलाच्या वाड्यासमोरची माणसं आणि वस्तीतली माणसं एकाच वेळी, आपापल्या जागी, श्वास रोखून उभी राहिली. धप्प असा आवाज झाला, पायाखालून काहीतरी सरकत गेलं. दुसरी शिट्टी होईपर्यंत कोणी हाललं नाही. त्या गावात वरच्या आळीचं आणि वस्तीचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं, हे मला नंतर कोणीतरी सांगितलं. गप्प राहण्यावर झालं, एवढंही मला पुष्कळ वाटलं.

तुकडीचं काम संपत आलं तेव्हा सरांनी निरोप धाडून मला बोलावलं. तंबूत लांबच लांब कागद पसरला होता, आणि सर त्याच्या कडेला हात मागे बांधून उभे होते, बोट लावलं तर पुसलं जाईल अशा बेतानं. सेन साहेबांनी मला रेघा दाखवल्या. गाळ संपून खडक लागतो ती रेघ बरीच लांबवर सपाट गेली होती. गावाच्या पश्चिमेला, एका कपाशीच्या वावराखाली, खूप खोल, ती वर उचलली होती. पालथं मडकं. आणि त्याच्या खाली रेघा तुटलेल्या, विस्कटलेल्या, खालून काहीतरी वर घुसलं असावं तशा. सरांनी फळ्यावर काढलेलं चित्र इतक्या वर्षांत आम्ही इतक्या वेळा पाहिलं होतं, की मला वेगळं काही सांगायची गरजच पडली नाही. मी सरांकडे पाहिलं. ते कागदाकडेच बघत होते.

पण कागद आकार सांगतो, वस्तू सांगत नाही. तो उंचवटा गरम पाण्यानं रचलेल्या गारेचा होता की नुसतीच गाडली गेलेली काळ्या दगडाची टेकडी, ते भोक पाडून नमुना वर काढल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि तुकडीकडे बोअर एकच. तो झाला की यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात जायचं. बोअर कुठंही घेतला तरी सेन साहेबांचं काम भागत होतं, म्हणून जागा ठरवायचं त्यांनी सरांवर सोपवलं. त्यांचं स्वतःचं मन उंचवट्यावर होतं. सापडलं तर देशभर नाव होईल, आणि तुमचं नाव आधी लागेल, असं त्यांनी सरांना माझ्यादेखत सांगितलं.

सरांचं बोट मात्र कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. वस्तीच्या मागं, फार खोल नाही, रेतीची एक अरुंद पट्टी दिसत होती. पूर्णेचं कधीकाळचं सोडलेलं पात्र असावं. खारपाणात अशा रेतीत कधीमधी गोडं पाणी साठून राहतं. कधीमधी. ते खारंही निघू शकत होतं, आणि मग हेही गेलं आणि तेही गेलं अशी गत. टाकळीत गोड्या पाण्याची विहीर एकच होती, पाटलाच्या मळ्यात. दीक्षेनंतर वस्तीच्या बायांनी तिथं जाणं सोडलं होतं. पूर्वी त्या हंडा खाली ठेवून लांब व्हायच्या आणि मळ्यातलं कोणीतरी वरून पाणी ओतायचं. आता वरून ओतलेलं पाणी नको, असं त्यांनी ठरवलं, आणि खारं पाणी पत्करलं.

दुपारी आम्ही सरांच्या घरी जेवायला बसलो. चुलीवर डाळ होती. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही जाळ घाला. दाणे अख्खे राहतात. आम्ही तशीच खाल्ली. सरांनी आईला सगळं सांगितलं, दोन्ही जागा सांगितल्या. आपण रेतीवर बोअर घेणार हेही सांगितलं.

गयामाय बारीक चणीची, पांढऱ्या केसांची, डोळ्यांनी अधू. तिनं विचारलं, “अन् तुह्यं ते उकळतं पानी?”

सर म्हणाले, “ते मले कळलं न माय. तू हात न लावता मडकं ओळखे, तसंच मी ओळखलं. मले तेवढं बस झालं.”

गयामायनं भाकरी खाली ठेवली.

“मले हात लावू देत नोहते,” ती म्हणाली. “मनून मी कानानं घेतलं. त्यात का मोठेपना होता रे? तुले कोन अडवून राहिलं? लाव न हात.”

मग ती म्हणाली की तिचं वय झालं, इतकी वर्षं प्यालं ते आणखी चार वर्षं पिऊन घेईल, वस्तीचं वस्ती पाहील. पोरानं एवढ्या वर्षांनी काहीतरी ऐकलं आहे तर ते खरं की खोटं हे त्याला कळलंच पाहिजे. तिच्या आवाजात राग होता. मायेचा राग कसा असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. सरांनी ताट पुसून घेतलं, हात धुतले, आणि दारातल्या मिरचीच्या मडक्यापाशी जाऊन उभे राहिले. बोटानं ते मडकं ठोकलं नाही, नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी यंत्र वस्तीच्या मागं उभं राहिलं.

आईचा शब्द सरांनी मोडला, असा तो प्रसंग मला माहीत असलेला एकच. त्यांनी कारण कधी दिलं नाही. मला वाटतं, त्यांना हात लावायचा होता, अगदी जिवापासून लावायचा होता, आणि न शिजलेली डाळ गिळताना ते त्यांच्यानं झालं नाही. त्यात त्याग बिग आहे असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला शेंगा देऊन गप्प केलं असतं.

पाणी लागलं त्या दिवशी मी माझ्या बाटल्या घेऊन हजर होते. आधी गढूळ, मग निवळत गेलेलं. मी नळीत घेतलं, थेंब टाकले. नळीत अगदी पुसटसं धुकं आलं आणि तेवढंच राहिलं. मी मान वर करून सांगायला तोंड उघडलं तर माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. वस्तीतल्या बायांनी तिथंच तीन दगड मांडून चूल पेटवली होती आणि त्या पाण्यात डाळ टाकली होती. माझी नळी काय म्हणते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सगळे चुलीभोवती बसून राहिले. सेन साहेबही बसले. बऱ्याच वेळानं गयामायनं पळीनं दाणा काढला आणि दोन बोटांत दाबला. दाण्याचं पीठ झालं.

“शिजली,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत पोराकडे पाठ करून बसली.

पुढं तिथं हातपंप बसला. उन्हाळ्यात पाटलाच्या मळ्यातली विहीर तळाला गेली की वरच्या आळीच्या बायाही येऊ लागल्या. गयामायनं कोणाला नाही म्हटलं नाही. ज्याचा हंडा त्यानं आपल्या हातानं भरावा, कोणी कोणाला वरून ओतायचं नाही, एवढा एकच नियम तिनं घातला आणि तो पाळला गेला.

सेन साहेबांच्या अहवालात उंचवट्याबद्दल एक ओळ आली: स्वरूप अनिश्चित. आमच्या विभागप्रमुखांनी ती स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली. त्या दिवशी टरबुजांची आठवण निघाली नाही, हे आमच्या कॉलेजच्या लोकांच्या बाजूनं नोंदवायला हवं. थोड्याच काळात सर अकोल्याच्या एका कॉलेजात गेले. जाताना पातूरचा तो स्फटिकांचा गुच्छ मला देऊन गेले. मी म्हटलं, सर, ही तुमची सही. ते म्हणाले की सही आहे, पण जमिनीखालचा कागदच कोणी पाहिला नाही.

आता या वयात मी वाचते, की समुद्राच्या तळाखाली गाळात गाडली गेलेली उकळत्या पाण्याची प्राचीन तोंडं ध्वनिलहरींनी दिसली आहेत. एक नाही, पुष्कळ. सोबत चित्र होतं: वर सपाट रेघ, खाली फुगवटा, त्याच्या खाली तुटक वाट. काही ठिकाणी त्यांनी भोक पाडून नमुनेही वर काढले. त्यांना बरं, समुद्रात कोणी तहानलेलं नसतं. मी ते चित्र किती तरी वेळ पाहत बसले आणि मला सरांचा फार राग आला, आणि फार माया आली. टाकळीच्या त्या वावराखाली अजून कोणी भोक पाडलेलं नाही. वर कपाशी होते.

सर मला शेवटचे दिसले ते अकोल्याच्या बाजारात, उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हा. मी माहेरी आले होते. कुंभारांनी रस्त्याकडेला गवतावर मडकी मांडली होती. त्या मडक्यांच्या मधोमध गयामाय उकिडवी बसलेली. तोवर तिचे डोळे जवळजवळ गेले होते. ती हात फिरवून मडकं शोधायची, उचलायची, बोट वाकवून ठोकायची. हात जरासुद्धा कापत नव्हता. कुंभाराचं पोरगं कौतुकानं एकेक मडकं तिच्या हाताशी सरकवत होतं.

सर जवळ नव्हते. ते रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली, हात मागे बांधून आणि डोळे मिटून उभे होते. केस पिकलेले, कोट तोच. मी हाक मारणार तोच त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं, थांबा म्हणून.

पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. सर मोठ्यानं म्हणाले, “पक्कं हाय.” गयामाय तिकडून म्हणाली, “फुटकं.” दुसरं वाजलं. सर म्हणाले, “फुटकं.” ती म्हणाली, “पक्कं हाय, पन लहान हाय.” आजूबाजूचे लोक हसायला लागले. सरही हसले, पण डोळे उघडले नाहीत.

मग तिनं एक मोठं मडकं घेतलं आणि वाजवलं. सरांनी मान तिरपी केली. त्यांनी पुन्हा वाजव म्हटलं. तिनं पुन्हा वाजवलं. सरांचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. ते रस्ता ओलांडून आईपाशी गेले आणि हळूच म्हणाले, “हे पक्कं हाय माय. या डावाले मले आइकू आलं.”

मी गयामायच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मडकं तिनं त्यांच्या दोन्ही हातांत दिलं.

“घरी नेऊन पानी भर,” ती म्हणाली. “मंग कळंल.”

सरांनी मला नमस्कार केला, घरी या म्हणाले. मडकं खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं आईला धरलं आणि गर्दीतून निघाले. त्यांचा कान मडक्याच्या पोटाला टेकलेला होता, आणि चालता चालता खांद्यावरच्या हाताचं एक बोट त्यावर हळूहळू वाजत होतं. पुढच्या उन्हाळ्याआधीच सर गेल्याचं कळलं. ते मडकं गळलं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.